भिंतीबाहेरचा पहारा

गुन्हा सिद्ध झाला की अपराध्यास कारागृहात धाडावयाचे, ही शिक्षेची रूढ रीत होय. तथापि प्रत्येक अपराध्यास भिंतीआड ठेवणे आवश्यक असतेच असे नाही. प्रथमच किरकोळ अपराध करणारा मनुष्य निर्ढावलेल्या गुन्हेगारांच्या सहवासात आला, तर सुधारण्याऐवजी तो अधिक बिघडण्याचा संभव असतो. त्याच्या मागे कुटुंबाची आबाळ होते ती वेगळीच. शिवाय कारागृहांतील जागाही अपुरी आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ बंद्यांची असताना तेथे ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी सुमारे शेकडा ७६ न्यायाधीन बंदी होते, म्हणजे त्यांचे खटले अद्याप निकालात निघालेले नव्हते.

अशा व्यक्तींना समाजातच ठेवून त्यांच्यावर देखरेख करावी, हा विचार जगभर मान्य झाला आहे. या देखरेखीस यंत्राची जोड देण्याच्या पद्धतीला ‘इलेक्ट्रॉनिक देखरेख’ असे म्हणतात.

साधनाचे स्वरूप

या पद्धतीत संबंधित व्यक्तीच्या घोट्यावर एक पट्टा बसविण्यात येतो. त्याचे प्रमुख प्रकार दोन. पहिल्या प्रकारात पट्ट्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी घरात ठेवलेली एक लहान पेटी टिपत असते. ठरलेल्या वेळी ती व्यक्ती घरात नसेल, तर तशी सूचना नियंत्रण कक्षास मिळते. माणूस घरी आहे की नाही, एवढेच या प्रकारात कळते. दुसऱ्या प्रकारात पट्टा उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान ठरवितो आणि मोबाईल जाळ्यामार्फत ते कळवितो. त्यामुळे ती व्यक्ती कोठे फिरते याची नोंद होते आणि पीडित व्यक्तीच्या घराचा परिसर तिला निषिद्ध ठरविता येतो. पट्टा कापण्याचा प्रयत्न झाल्यास इशारा मिळतो. मात्र पट्ट्यातील बॅटरी नियमितपणे भारित करावी लागते, आणि जेथे वीज व मोबाईल जाळे बेभरवशाचे तेथे हे साधनही बेभरवशाचे ठरते.

उगम

१९६० च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित राल्फ श्वित्झगेबल यांनी अशा उपकरणाचे पहिले प्रयोग केले. त्यांचा हेतू धाक घालण्याचा नव्हता. वाट चुकलेला तरुण ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोहोचला की त्याला शाबासकी द्यावी, उत्तेजन द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. पुढे न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्क येथील न्यायाधीश जॅक लव्ह यांना वृत्तपत्रातील ‘स्पायडरमॅन’ या चित्रमालिकेवरून असे साधन सुचले, आणि १९८३ मध्ये त्यांनी एका अपराध्यावर त्याचा प्रत्यक्ष वापर केला. तेथून ही पद्धत अनेक देशांत पसरली. या प्रवासात उत्तेजनाची मूळ कल्पना मागे पडली आणि पाळत तेवढी उरली.

दोन देशांचा अनुभव

स्वीडनने १९९४ मध्ये हा उपक्रम प्रायोगिक स्वरूपात हाती घेतला आणि १९९७ पासून तो देशभर लागू केला. आरंभी तीन महिन्यांपर्यंतची कारावासाची शिक्षा झालेल्यांना घरी राहून ती भोगण्याची मुभा देण्यात आली. परंतु पट्टा ही त्यातील केवळ एक अट होती. संबंधिताने नोकरी वा शिक्षण चालू ठेवावे, मद्यास स्पर्श करू नये, सुधारणेच्या वर्गांना हजर राहावे आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या भेटी स्वीकाराव्यात, असा तो संपूर्ण कार्यक्रम होता. यंत्र त्या कार्यक्रमाचे सहायक होते.

इंग्लंडमध्ये १९८९ मध्ये प्रयोग झाले आणि १९९९ पासून कैद्यांना मुदतीपूर्वी घरी सोडून त्यांच्यावर अशी देखरेख ठेवण्यात येऊ लागली. तेथे हे काम खाजगी कंपन्यांकडे सोपविण्यात आले होते. जे मरण पावले होते, तुरुंगात परतले होते वा देश सोडून गेले होते, अशांच्या देखरेखीचीही देयके शासनाकडून वसूल करण्यात आल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. यंत्रावर देखरेख ठेवणारी माणसेच जागरूक नसली, तर यंत्र काय उपयोगाचे, हा धडा त्यातून मिळतो.

भारतातील स्थिती

आपल्या देशात विधी आयोगाने मे २०१७ मध्ये सादर केलेल्या २६८ व्या अहवालात या साधनाचा विचार केला. ते अत्यंत सावधगिरीने, आणि गंभीर गुन्ह्यांत पूर्वी तशाच गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्यांच्याच बाबतीत वापरावे, असे आयोगाचे मत पडले. केंद्र शासनाने २०२३ मध्ये तयार केलेल्या आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमात, बंद्याची तयारी असल्यास असे साधन लावण्याच्या अटीवर त्यास रजा देता येईल, अशी तरतूद आहे. कारागृह हा राज्यसूचीतील विषय असल्याने हा अधिनियम राज्यांसाठी नमुनादाखल आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू येथील न्यायालयाच्या आदेशानुसार जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या घोट्यावर पोलिसांनी असा पट्टा बसविला.

या वाटचालीस मर्यादा घालणारा महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिला. आरोपीने आपल्या मोबाईलवरील नकाशातून ठावठिकाणा तपास अधिकाऱ्यास उपलब्ध करून द्यावा, अशी जामिनाची अट एका प्रकरणात घालण्यात आली होती. जामिनावर सुटलेल्या व्यक्तीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने ती रद्द केली. अशी अट घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील खाजगीपणाच्या हक्काचा भंग करते, हे त्याचे कारण होय. शिक्षा झालेला बंदी स्वेच्छेने पट्टा स्वीकारून रजेवर घरी येतो, ही एक गोष्ट; दोष सिद्ध न झालेल्या नागरिकाचा पाठलाग यंत्राने करणे, ही दुसरी. हा भेद विसरता कामा नये.

यंत्र आणि माणूस

माणूस कोठे आहे, हे पट्टा सांगतो. तो कामधंद्याला लागला आहे काय, व्यसनातून सुटला आहे काय, घरच्यांनी त्याला जवळ केले आहे काय, हे मात्र पट्ट्यास कळत नाही. ते जाणण्याचे काम परिविक्षा अधिकाऱ्याचे. मुंबई प्रांतात १९३८ मध्येच परिविक्षेचा कायदा झाला होता; १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने ही व्यवस्था देशासाठी घालून दिली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ अपराधांसाठी समाजसेवेची शिक्षाही प्रथमच समाविष्ट केली आहे. देखरेखीची खरी जबाबदारी या व्यवस्थांवर आहे.

भिंतीवाचून विश्वास ठेवण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत स्थापन झाली. तेथे शिक्षा भोगणारे बंदी शेती करून राहत. त्यांच्या घोट्यावर पट्टा नव्हता. दिलेल्या शब्दाचे बंधन होते.

उद्या एखाद्या गावात असा पट्टा बांधलेला मनुष्य संचित वा अभिवचन रजेवर परतला, तर गावाने त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, हा प्रश्न उपस्थित होईल. तो पट्टा म्हणजे कायद्याने घातलेली अट आहे; गावाने वाळीत टाकण्याची खूण नव्हे. त्याच्या मुलांना शाळेत कोणी हिणवू नये, हे शिक्षकांनी पाहावे. त्याला मजुरीचे काम नाकारले जाऊ नये, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. त्याच वेळी ज्याच्यावर अन्याय झाला त्या पीडित कुटुंबाला भयमुक्त राहता यावे, याचीही काळजी घ्यावी. पट्टा ठरलेल्या मुदतीनंतर काढला जातो. त्यानंतर तो मनुष्य सरळ मार्गाने चालेल की नाही, हे मधल्या काळात त्याला काय मिळाले यावर अवलंबून राहील.