वाघूरच्या शेपटाकडचा दिवस

जामनेरला पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, याचं उत्तर घरोघरी एकच असतं: अजिंठा. सकाळी गाडी काढायची, पहूरवरून फर्दापूर गाठायचं, लेणी पाहून संध्याकाळी परत. ज्या वाघूर नदीने लेण्यांच्या पायथ्याशी नालाच्या आकाराचं वळण घेतलंय, ती पुढे कुठे जाते हे मात्र कुणी विचारत नाही. ती पहूरवरून आपल्याच तालुक्यात येते आणि तापीला मिळण्याआधी धरणात अडते. जळगाव शहर पितं ते पाणी इथलंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत याच पाण्याच्या कडेला सायकल आणि कॅमेरा घेऊन एक पूर्ण दिवस काढता येतो. त्यासाठी थोडी आखणी मात्र करावी लागते.

पहिली गोष्ट, धरणाच्या भिंतीकडे जायचं नाही. धरण पाहायला म्हणून जाणारे सगळे भिंतीकडे जातात. तिथे पाणी खोल असतं आणि खोल पाण्यात पक्ष्यांना फारसं काही मिळत नाही. पाणकावळे, एखादा नदी सुरय, बाकी नुसता वारा. पक्षी असतात ते धरणाच्या शेपटाकडे, जिथे फुगवट्याचं पाणी शेतांच्या बांधाला लागून घोटाभर उरतं आणि दर आठवड्याला काही पावलं मागे सरकतं. त्या सरकत्या काठावर ओला गाळ उघडा पडतो. गाळात किडे, गोगलगायी, पाणवनस्पतींचे कंद असतात. शेकाट्या, तुतवार, धोबी यांची पंगत तिथेच बसते. म्हणून आखणी कॅलेंडर पाहून करू नये, पाणी पाहून करावी. पाऊस चांगला झाला आणि धरण तुडुंब भरलं, तर डिसेंबर उजाडला तरी काठ उघडा पडत नाही. अशा वर्षी जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरावा. पाऊस बेताचा असेल तर नोव्हेंबरातच निघावं. काठावरचा कुणीही शेतकरी हे एका वाक्यात सांगतो: "पानी उतरू द्या भो, मंग या."

ही उतरलेली जमीन रिकामी राहत नाही. पाणी मागे गेलं की तिथे हरभरा, गहू, चारा पेरतात. सरकारी कागदात तिला गाळपेर म्हणतात आणि शेतकरीही तेच म्हणतो. पाणपक्ष्यांचं हिवाळ्यातलं अर्धं गणित या गाळपेरात आहे. पट्टकादंब रात्री आणि पहाटे कोवळ्या हरभऱ्यावर चरतो, उन्हं चढली की पाण्याच्या कडेला येऊन मान पंखात खुपसून बसतो. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना नोंदला गेला आहे. शेतकऱ्याच्या लेखी मात्र तो पीक खाणारा हंस. तो त्याला हाकलतो, आणि त्याचंही काही चुकत नाही. छायाचित्रकाराने अशा वेळी बांधावरून चालावं, रोपांत पाय टाकू नये, आणि आधी रामराम घालावा. काठावरची निम्मी माहिती त्या एका रामरामावर मिळते: हंस आज कुठे बसलेत, कोणत्या वाटेला चिखल आहे, कुणाचं कुत्रं सुटं आहे.

आता दिशा. वाघूर दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि जामनेर तिच्या पूर्वेला आहे. म्हणजे जामनेरहून निघणाऱ्याच्या वाट्याला आपोआप पूर्वकाठ येतो. सकाळचा सूर्य पाठीशी आणि पक्षी समोर उजेडात. ही सोय फुकट मिळालेली आहे, ती उशिरा उठून घालवू नये. जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. भुसावळ रस्त्याने गारखेड्याच्या बाजूला जाऊन काठाकडे उतरायचं असेल, तर अंधार असतानाच जामनेर सोडावं लागतं. जळगावहून येणाऱ्याला पश्चिमकाठ मिळतो. त्याने घाई करू नये, दुपारी निघून संध्याकाळचा उजेड घ्यावा. दोन्ही काठ एका दिवसात करायचा हट्ट धरला की दिवस सायकलवरच संपतो आणि फोटो कुठलाच धड येत नाही.

सकाळी साडेनऊ-दहानंतर कॅमेरा पिशवीत गेला तरी चालतो. खान्देशातलं ऊन हिवाळ्यातही लवकर तापतं, ओल्या गाळावरची हवा थरथरू लागते आणि सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून लांबचं बदक पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. कितीही महागडा कॅमेरा असो, त्यावर इलाज नाही. जवळ जाणं हा एकच उपाय, आणि जवळ जाण्यासाठी चालायचं नसतं, बसायचं असतं. काठाला एखादं बाभळीचं खोड पाहून गोणपाट अंथरावं, पोटावर आडवं व्हावं आणि लेन्स पाण्याच्या पातळीला आणावी. उभ्याने काढलेला शेकाट्या चिखलावरचा ठिपका वाटतो. आडवं पडून पाहिलं की त्याचे लांबलचक गुलाबी पाय दिसतात, पाऊल टाकण्याआधी गाळ चाचपणारी चोच दिसते, आणि पाय उचलताना गुडघा मागच्या बाजूला वाकल्यासारखा वाटतो. खरं तर तो त्याचा घोटा, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पंधरा-वीस मिनिटं हललं नाही, की थापट्या बदकांची रांग पाणी गाळत गाळत समोरून जाते. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर दोन हजारांश सेकंदावर ठेवावं. बसलेल्यासाठी तेवढं नको. सुरयाच्या पाठी लागू नये, तो हाताला लागत नाही. कवड्या खंड्या मात्र पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, नवशिक्याने त्याच्यावर हात बसवावा. आणि ड्रोन घरीच ठेवावा. वरून काही घिरट्या घालू लागलं की सगळा थवा त्याला घार समजून उठतो.

सायकलच का, मोटारसायकल का नको? शेपटाकडे डांबरी रस्ता जात नाही, गाडरस्ता जातो. इंजिनाचा आवाज काठाला आपल्या आधी पोचतो, सायकलचा पोचत नाही. फक्त ब्रेक करकरत नाहीत एवढं आदल्या दिवशी पाहून घ्यावं. यात एक अडचण आहे. सायकलवाल्यांचे कपडे असतात भडक पोपटी-नारिंगी, कारण हमरस्त्यावर पहाटे कापसाची वाहनं धावतात आणि त्यांना आपण दिसायला हवं. पक्ष्यांना आपण दिसता कामा नये. तेव्हा वरून भडक जाकीट, आत मातकट सदरा, आणि काठाला उतरताना जाकीट पिशवीत. मागचा लाल दिवा विसरू नये. अंधारात तो जाकिटापेक्षा उपयोगी पडतो.

इथला खरा शत्रू सराटा. बांधाच्या कडेला पसरलेली ही वेल वाळली की तिचे त्रिकोणी काटे वाटेवर सांडतात आणि टायरमध्ये गुपचूप बसतात. वेड्या बाभळीचे काटे त्याहून लांब. जाड टायर, दोन ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान जवळ हवं, कारण शेपटाकडे दुकान नाही. काट्याने हवा गेली तर काटा लगेच उपटू नये. आधी त्या जागी खूण करावी, मग काढावा. काळ्या मातीचं प्रकरण वेगळं. कोरडी असताना ती उत्तम वाट, पण दहिवराने ओली झाली की मडगार्डात भरते आणि चाक फिरेनासं होतं. मडगार्ड काढूनच निघालेलं बरं. उघड्या पडलेल्या गाळावर तर सायकल नेऊच नये, माणसानेही जाऊ नये. वरून वाळलेली पापडी, खाली गुडघाभर राबडी. कॅमेरा कॅरिअरवर बांधू नये, खडबडीत वाटेचे हादरे लेन्सला सोसत नाहीत. पाठीवरची पिशवीच बरी, खांदे दुखले तरी.

दहानंतरचा वेळ वाया जात नाही. बांधांवर नीलकंठ, वेडे राघू, खाटीक मिळतात. ज्वारी निसवली असेल तर भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी-काळे हजारो पक्षी एकदम वळतात तेव्हा फोटोपेक्षा व्हिडिओ बरा येतो. दुपारचं जेवण आधीच ठरवून ठेवावं. हिवाळा हा भरिताचा काळ. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण जामनेरच्या शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजणाऱ्यांना त्या कागदाची गरज कधीच पडली नव्हती. सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात, हिरवी मिरची. एवढं खाऊन लगेच सायकल चालवता येत नाही, हे आखणीत धरावं.

एक गोष्ट खटकते. देशाच्या २०१७ सालच्या पाणथळ नियमांत, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळ म्हणून धरले जात नाहीत. खान्देशात मोठी नैसर्गिक तळी फारशी नाहीत. आपल्याकडे हिवाळी पाहुणे उतरतात ते बहुतेक धरणांवरच. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं उदाहरण याच्या उलट जातं. तेही सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेलं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून २०२० साली जाहीर झालेलं. अभियंत्याला गाळ म्हणजे तोटा, बदकाला गाळ म्हणजे ताट. आपल्या जिल्ह्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं हतनूरला.

वाघूरला हात बसला की दुसरा दिवस हतनूरसाठी राखावा. तापी आणि पूर्णेच्या संगमाखाली, भुसावळ तालुक्यात हे ४१ दरवाज्यांचं धरण आहे. दोन्ही नद्यांनी इतका गाळ आणला की पाणी पसरट, उथळ झालं, मध्ये बेटं उभी राहिली. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या क्षेत्रांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हतनूर आहे, आणि वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था तिथे पक्षिगणना करत आली आहे. चक्रवाक, तलवार बदक, चित्रबलाक यांची गर्दी वाघूरपेक्षा तिथे कितीतरी जास्त. जामनेरहून जाऊन-येऊन सायकलीने एका दिवसात करणारे आहेत, पण त्यांच्या हाती फोटो किती लागतात हे विचारावं. आदल्या संध्याकाळी भुसावळला मुक्काम करून पहाटे निघणं शहाणपणाचं. चांगदेवचं जुनं देऊळ संगमाजवळच आहे, दुपार तिथे जाते.

भुसावळात मुक्काम असेल तर रॉबर्ट गिलची कबर पाहता येते. १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलेला हा लष्करी अधिकारी. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोवर त्याने कॅमेरा हाती घेतला होता, आणि १८६४ साली त्याच्या जोडछायाचित्रांचं पुस्तक लंडनमध्ये निघालं, वास्तू आणि निसर्ग अशा दोन्ही विषयांचं. १८७९ साली तो भुसावळजवळ वारला. वाघूरच्या काठावर काचा, रसायनं आणि तिपाई वाहून नेणारा तो पहिलाच असावा. त्याला बैलगाडी लागत होती, आपलं सायकलवर भागतं.

पीजे रेल्वे चालू असती तर परतीचा प्रवास आणखी सोपा झाला असता. पाचोरा–जामनेर ही नॅरोगेज गाडी २०२० साली थांबली आणि आता तो मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलंय. तोवर एसटीच. सायकल टपावर चढवायची की नाही हे वाहकाच्या मर्जीवर असतं, म्हणून आगारात आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं बरं.