नवीन कॉम्प्युटरवर जुने प्रोग्रॅम का चालत नाहीत?

आमच्या शाळेत नवीन कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे खूश होते. पण निकालपत्रकाचा जुना डॉसचा प्रोग्रॅम काही त्यांच्यावर उघडेना. कित्येक वर्षांचे गुण त्यात अडकले. मुलांनी विचारलं, "सर, मशीन जास्त ताकदवान आहे, मग जुनं काम का करत नाही?" सवाल रास्त होता. अनेक घरांतही हाच अनुभव येतो, म्हणून तो नीट समजून घेऊ या.

कॉम्प्युटर चालू असताना प्रत्येक प्रोग्रॅम मेमरीत, म्हणजे रॅममध्ये जागा घेतो. डॉसच्या काळात ही जागा भिंती नसलेल्या घरासारखी होती. कुणीही कुणाच्याही सामानाला हात लावावा! एका प्रोग्रॅमने चुकून दुसऱ्याच्या किंवा खुद्द सिस्टिमच्या जागेत काही लिहिलं की सगळी मशीनच बंद पडायची. सेव्ह न केलेलं काम गेलंच समजा.

यावरचा इलाज म्हणजे मेमरीचं संरक्षण. प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी खोली द्यायची आणि दारावर प्रोसेसरचा पहारा ठेवायचा. कुणी हद्द ओलांडली तर फक्त तो प्रोग्रॅम बंद होतो, बाकीचे सुरक्षित राहतात. 1985 मध्ये आलेल्या इंटेलच्या 386 प्रोसेसरमध्ये ही सोय होती. मग त्यानंतर दहा-पंधरा वर्षं घरचे कॉम्प्युटर का अडकत राहिले?

कारण लोकांकडचे जुने प्रोग्रॅम. ते थेट स्क्रीनच्या मेमरीत लिहीत, हार्डवेअरला हात घालत. गेम्स तर जास्तच. एकदम भिंती घातल्या असत्या तर पैसे देऊन घेतलेले प्रोग्रॅम निकामी झाले असते आणि नवीन सिस्टिम कुणी घेतली नसती.

म्हणून विंडोज 95 ने मधला मार्ग काढला. नव्या 32-बिट प्रोग्रॅमना वेगळ्या खोल्या दिल्या, पण जुन्या 16-बिट विंडोज प्रोग्रॅमना एकाच खोलीत ठेवलं. सिस्टिमच्या स्वतःच्या जागेचा काही भागही उघडा राहिला. निळी स्क्रीन वारंवार दिसायची, त्याचं हे एक मोठं कारण. पक्क्या भिंतींची विंडोज एनटी 1993 मध्येच आली होती, पण तिला रॅम जास्त लागे आणि अनेक गेम्स तिच्यावर चालत नसत. तिचा पाया घराघरांत पोहोचला तो 2001 मध्ये, विंडोज एक्सपीबरोबर.

ॲपलनं वेगळी वाट धरली. 2001 मध्ये मॅक ओएस टेन ही नवीन सिस्टिम आणली आणि जुन्या प्रोग्रॅमसाठी तिच्यात 'क्लासिक' नावाची वेगळी खोली ठेवली. आत गडबड झाली तरी बाहेरचं शाबूत. 2007 च्या लेपर्ड आवृत्तीत मात्र ही खोलीही काढून टाकली. 64-बिट विंडोजमध्येही डॉस आणि 16-बिट प्रोग्रॅमची सोय राहिली नाही. आमच्या निकालपत्रकाचं नेमकं हेच झालं होतं.

आजही हा झगडा संपलेला नाही. विंडोज 11 मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण आहे. जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही की कुणीतरी सल्ला देतं, "ते बंद करून टाका." आमचं म्हणणं, घाई करू नका. आधी नवीन ड्रायव्हर मिळतो का ते पाहा. एका प्रिंटरसाठी घरच्या सगळ्या कागदपत्रांची हिफाजत ढिली करणं परवडत नाही.

जुने डॉसचे प्रोग्रॅम डॉसबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रॅमच्या आत चालवून पाहता येतात. पण खरी काळजी आधीच घ्यायला हवी. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्यापूर्वी त्यातला हिशोब, पत्ते, लेख साध्या टेक्स्ट किंवा पीडीएफ स्वरूपात बाहेर काढून ठेवा. आम्ही नशीबवान होतो. एक जुनी मशीन स्टोअररूममध्ये अजून सुरू होती, म्हणून मुलांचे गुण वाचले.