वाहिनी बंद होते ती कोणामुळे?

१८ फेब्रुवारी २०२३ हा शनिवार होता, आणि त्या दिवशी महाशिवरात्र होती. दिल्लीला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी सामन्याचा दुसरा दिवस चालू होता. उपवासाचे खाऊन घरोघर सामना लावून बसावे असा तो दिवस. परंतु ज्यांच्या घरी मोठ्या केबल कंपन्यांची तार येते अशा कितीतरी घरांत त्या दिवशी स्टार, झी आणि सोनी या तिन्ही समूहांच्या वाहिन्या दिसेनाशा झाल्या. केबल कंपन्यांच्या संघटनेने सांगितले की, साडेचार कोटी घरांचा पडदा कोरा झाला. आकडा त्यांचा आहे, आणि भांडणातल्या पक्षाने सांगितलेला आकडा जरा कमी करूनच घ्यावा हे आम्ही तीस वर्षांच्या वाटाघाटींत शिकलो आहोत. तरी त्यातली निम्मी घरे धरली तर २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात जेवढी कुटुंबे मोजली गेली, जवळजवळ तेवढी होतात.

त्या दिवसांत शिव्या कोणी खाल्ल्या? आळीतल्या केबलवाल्याने, आणि त्याच्याकडे खांबावर चढून तारा जोडणाऱ्या पोराने. त्या पोराच्या हातात यातले काहीच नव्हते. वाहिनी कोण बंद करतो हे नीट समजले नाही म्हणजे राग भलत्या दारात जाऊन पडतो. म्हणून आज या विषयाची थोडी फोड करण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, वाहिनी 'बंद पडत' नाही, ती बंद 'केली' जाते. वाहिनीची कंपनी आपला कार्यक्रम उपग्रहाकडे पाठवते. उपग्रह तो साऱ्या देशावर सांडतो, जसे चांदणे सर्वांच्या अंगणात पडते. परंतु पैसे देऊन पाहावयाच्या वाहिनीचे चांदणे कुलूपबंद असते. केबल कंपनीच्या मुख्य केंद्रात मोठ्या छत्र्या असतात, आणि प्रत्येक वाहिनीसाठी कुलूप उघडणारे एक यंत्र असते. त्या यंत्राला परवानगी वाहिनीच्या कंपनीकडून मिळते. ती परवानगी काढून घ्यावयास कोणी माणूस यावा लागत नाही, तार कापावी लागत नाही. बसल्या जागेवरून एक आज्ञा सुटली की पुरे. दुसरे असेच कुलूप तुमच्या घरच्या सेटटॉप बॉक्समध्ये असते, आणि त्याची किल्ली केबल कंपनीकडे किंवा डिशच्या कंपनीकडे असते. म्हणजे एका मालाला दोन कुलपे, दोन किल्ल्या, आणि दोन्ही किल्ल्या अशा हातांत की ज्यांत पैसे देणाऱ्याचा हात नाही.

हा मामला असा कसा झाला? १९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये छत्रीतून पकडून दाखविण्याची टूम निघाली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टारच्या वाहिन्या येऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी सुरू झाली. छत्री कोणी गच्चीवर लावली, तारा कोणी एका इमारतीवरून दुसरीवर फेकल्या? नोकरी न मिळालेल्या तरुणांनी. त्यांच्यासाठी कायदा झाला तो १९९५ साली, धंदा उभा राहिल्यानंतर. त्याच साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात निकाल दिला की, प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. हा निकाल मोठा आहे. पण जनतेच्या मालमत्तेवर चाललेल्या धंद्यात जनतेची खुर्ची कोठे, हे त्या निकालानंतरही ठरायचे राहून गेले.

जुन्या तारेच्या काळात भांडण उलट्या बाजूने असे. तारेत मावतील तेवढ्याच वाहिन्या, आणि मावून घ्यायला रांग मोठी. तेव्हा वाहिनीवालाच केबलवाल्याला पैसे देई, माझी वाहिनी पुढच्या आकड्यावर लाव म्हणून. उलट वर्गणीचा हिशेब देताना केबलवाला हजार घरांची दोनशे करून सांगे. दोघेही एकमेकांना फसवीत होते, आणि त्यामुळे दोघांचेही चालले होते. २०११ साली कायदा बदलला. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे-नागपूर-नाशकात २०१३ च्या मार्चअखेरीस जुनी तार मोडीत काढून सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला. बॉक्स आला आणि घरे मोजता येऊ लागली. घरे मोजता आली, तेव्हा पैशाची खरी ओढाताण सुरू झाली.

आता किमतीकडे वळू. वाहिनीचे उत्पन्न दोन झऱ्यांचे असते, जाहिरातीचे आणि वर्गणीचे. जाहिरातीला घरे जास्तीत जास्त हवीत. वर्गणीला दर जास्तीत जास्त हवा. या दोन्ही गोष्टी एका वेळी साधण्यासाठी 'पॅक' निघाले. ट्राय या सरकारी नियामकाने २०१७ साली नवे दरपत्रक काढले आणि न्यायालयांतल्या लढाईनंतर ते २०१९ च्या फेब्रुवारीपासून अमलात आले. प्रेक्षकाने हवी ती वाहिनी सुटी घ्यावी, तिची किंमत छापलेली असावी, असा त्याचा हेतू. हेतू चांगला होता. पॅकमध्ये घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांहून अधिक नसावी अशी अट होती, म्हणून स्टार प्लस, झी मराठी अशा लोकप्रिय वाहिन्यांनी नेमके १९ रुपये लावले! सुटी वाहिनी अशी महाग, आणि पॅक मात्र असे स्वस्त की, एका मालिकेसाठी दहा नको असलेल्या वाहिन्या घरात याव्यात. चांगल्या कांद्याच्या जोडीला सडका कांदा तराजूत टाकण्याची ही रीत बाजार समितीत आम्ही पुष्कळ पाहिली आहे.

या १९ रुपयांतून कोणाला काय मिळते हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे आमच्या धर्मात बसत नाही. नियमाप्रमाणे त्यातले निदान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, वितरणाबद्दल वाहिनीवाल्याने द्यायचे. त्याची वाटणी मोठी केबल कंपनी आणि आळीतला केबलवाला यांच्यात आपसांत न ठरल्यास ५५ आणि ४५ अशी. म्हणजे पावसात खांबावर चढणाऱ्याच्या धन्याला महिन्याला १ रुपया ७१ पैसे, आणि त्यातून तो पोराचा पगार काढणार. वर तारेचे भाडे असते. २०१९ साली ते १०० वाहिन्यांना १३० रुपयांपर्यंत होते, करासकट १५३ रुपये ४० पैसे. भाड्यावरची ती मर्यादा ट्रायने २०२४ च्या जुलैत काढून टाकली.

२०२० साली ट्रायने १९ चे १२ रुपये केले. वाहिनीवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०२१ च्या जूनमध्ये न्यायालयाने ट्रायची बहुतेक बाजू उचलून धरली. तरीही शेवटी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मर्यादा पुन्हा १९ वर आली आणि पॅकवरची सूट ४५ टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा मिळाली. नवे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले. डिशच्या कंपन्यांनी करार केले. मोठ्या केबल कंपन्यांच्या संघटनेने सही नाकारली, गिऱ्हाइकाचे बिल वाढेल असे सांगितले आणि केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली. वाहिनीवाल्यांनी किल्ली फिरविली. पाच दिवसांत, २३ फेब्रुवारीच्या सुमारास, सह्या झाल्या आणि पडदे उजळले.

आम्ही आयुष्यभर संप आणि टाळेबंदी पाहत आलो. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात सार्वजनिक उपयोगाच्या सेवेत संप करावयाचा तर निदान १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागे, आणि ती न देता काम थांबविले तर कामगाराच्या पोटावर पाय येई. वाहिनी काढून घ्यावयासही नोटीस लागतेच, २१ दिवसांची, कारणासकट. पण ती एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला द्यावयाची. टाळेबंदीच्या नोटिशीवर निदान कामगाराचे नाव असते. येथे ज्याने महिन्याचे पैसे आगाऊ भरले त्याला पडद्याखाली सरकणारी एक ओळ दिसते, आणि तीही बहुधा 'तुमच्या केबलवाल्याला फोन करा' अशी. म्हणजे प्रेक्षकाला सैनिक करून दुसऱ्याच्या अंगावर सोडावयाचे. २०१८ च्या ऑक्टोबरात टाटा स्काय या डिशवरून सोनीच्या वाहिन्या गेल्या, तेव्हाही दोन्ही बाजू प्रेक्षकाशी अशाच बोलल्या.

हे दुखणे आपल्यापुरतेच आहे असे नव्हे. अमेरिकेत ते जुने आहे. तेथे १ सप्टेंबर २०२४ रोजी डायरेक्टीव्ही या उपग्रह कंपनीच्या एक कोटीहून अधिक घरांतून डिस्नेच्या वाहिन्या गेल्या, त्याही फुटबॉलचा हंगाम सुरू होता होता आणि टेनिसची मोठी स्पर्धा रंगात असताना. दोन आठवड्यांनी समेट झाला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस यूट्यूब टीव्हीवर तेच घडले, तेही सुमारे दोन आठवडे. सामन्याच्या तोंडावर किल्ली फिरते हा योगायोग नव्हे. हंगामाच्या तोंडावर काम बंद पाडणारा पुढारी ही गोष्ट चांगली ओळखतो. मात्र एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. यूट्यूब टीव्हीने त्या वेळी आपल्या वर्गणीदारांना २० डॉलर परत देऊ केले. मिळाला नाही तो माल, त्याचे पैसे परत. एवढी साधी गोष्ट आपल्याकडे मागण्याचेही कोणाला सुचत नाही.

कोणी म्हणेल, न परवडल्यास दुसरीकडे जावे. जावे कसे? एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालत नाही. बॉक्स सर्वत्र चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० च्या एप्रिलमध्ये केली, ती अजून लोकांच्या घरांपर्यंत पोहोचलेली नाही. आणि ज्यांना महिन्याचे पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी दूरदर्शनची मोफत डिश आहे. गावोगाव, पाड्यापाड्यांवर ती दिसते, तिच्यावर सह्याद्रीही दिसते. पण तिच्यावरून स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, कलर्स रिश्ते या वाहिन्या मार्च २०१९ मध्ये निघून गेल्या, २०२० मध्ये परत आल्या, आणि १ एप्रिल २०२२ ला पुन्हा गेल्या. फुकट दिसते तर पॅक कोण घेईल, हा त्यामागचा हिशेब. त्या घरांत म्हातारी विचारीत राहिली की मालिकेतल्या सुनेचे पुढे काय झाले. असल्या प्रश्नाला विद्वान लोक हसतात. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईची ती एका तासाची विश्रांती असते, आणि विश्रांतीच्या तासासाठी कामगारांनी जगभर रक्त सांडले आहे, हे त्यांनी विसरू नये.

टेबलाच्या दोन बाजूही आता पूर्वीइतक्या दोन राहिलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि रिलायन्सची वाहिनी-कंपनी एक होऊन जिओस्टार झाली. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छपराखाली आल्या. हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांत त्याच रिलायन्सने २०१८ साली बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले होते व पुढे घेतला. झी आणि सोनी यांचे एकत्रीकरण मात्र जानेवारी २०२४ मध्ये फिसकटले. माल बनविणारा आणि माल पोहोचविणारा एकच घराणे झाले, तर भांडणे कमी होतील हे खरे. दर कोण कमी करील, हे आम्हांला दिसत नाही.

मग प्रेक्षकाच्या हाती काय उरते? ट्रायचा मूळ कायदा १९९७ चा आहे. त्याच्या १४ व्या कलमाने वाहिनी आणि वितरक यांचे तंटे टीडीसॅट या दिल्लीतील न्यायाधिकरणाकडे दिले आहेत. एकट्या ग्राहकाची तक्रार तेथे चालत नाही; त्याने जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावे. पण त्याच कलमात आणखी एक तंटा सांगितला आहे: सेवा देणारा आणि 'ग्राहकांचा गट' यांच्यातला. हे शब्द आम्ही वाचले तेव्हा आम्हांला ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. एकट्याला दार बंद आणि गटाला उघडे, असे कायद्यात क्वचितच इतके स्पष्ट लिहिलेले असते. आपल्या गावात गृहनिर्माण संस्था आहेत, महिला मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत. यांतील एकानेही हे कलम वापरल्याचे आमच्या कानावर नाही. दिल्लीचा खर्च मोठा, हे मान्य. पण अनेक मंडळांनी मिळून एक वकील लावला तर तो प्रत्येक घरामागे चहाच्या कपाइतकाही पडणार नाही.

अर्जासोबत लागतील अशा गोष्टी आजपासून जमवून ठेवाव्यात: कोणती वाहिनी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गेली, पॅक कोणता, पैसे कधी भरले. पैशाची पावती केबलवाल्याकडून दर महिन्याला मागून घ्यावी. पुष्कळ घरांत ती दिलीच जात नाही, आणि मागितली तर तो ओशाळतो. तरी मागावी, आणि त्याच्या पोराचा पगार किती हेही त्याच वेळी विचारावे.