वाक्य कोणाचं, नाव कोणाचं

अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन २१ एप्रिल १९१० रोजी वारला. त्याचं बोलणं मात्र अजून थांबलेलं नाही. एखादं नवंकोरं वाक्य त्याच्या नावानं व्हॉट्सॲपवर येतच असतं. आपल्याकडे बिरबल १५८६ साली लढाईत मारला गेला, तरी त्याच्या चातुर्यकथांत अजून भर पडतेच आहे. अत्रे आणि पु. ल. यांच्याही नशिबी हेच आलं.

सॅन फ्रान्सिस्कोचा उन्हाळा हाच आपण सोसलेला सगळ्यांत कडक हिवाळा, असं ट्वेन म्हणाल्याचं जगभर सांगतात. त्याच्या लिखाणात ते कुठंही नाही. हवामानाच्या नावानं सगळेच बोटं मोडतात, पण करत कोणी काही नाही, ही कोटीही त्याच्याच खात्यावर जमा आहे. ती १८९७ मध्ये छापून आली हार्टफर्डच्या एका वृत्तपत्रात, आणि त्या वृत्तपत्राशी संबंध होता तो ट्वेनचा शेजारी चार्ल्स डडली वॉर्नर याचा. खोटेपणाच्या उतरंडीत आकडेवारीला सर्वांत वर बसवणारं वाक्य तर ट्वेननं स्वतःच ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीचं म्हणून सांगितलं होतं. लोकांनी ते ट्वेनलाच बहाल केलं. गंमत म्हणजे डिझरायलीच्या लिखाणातही ते सापडत नाही. म्हणजे ट्वेननं प्रामाणिकपणे परत केलेला मालही मालकाविना पडून आहे!

खरोखर त्याचं होतं, तेही लोकांनी जसंच्या तसं ठेवलं नाही. १८९७ मध्ये तो लंडनला असताना त्याचा एक नातलग आजारी पडला आणि अफवा मात्र ट्वेनच्या आजारपणाची, मरणाची उठली. विचारायला आलेल्या वार्ताहराला त्यानं लिहून दिलं की मरणाच्या बातमीत अतिशयोक्ती आहे. पुढच्या सांगणाऱ्यांनी त्यात ‘फारच’ घुसडलं. न घुसडता ते जास्त चांगलं होतं, असं माझं मत.

आम्हा हिंगोलीकरांना हे नवं वाटायला नको. नामदेवांचं नरसी आमच्या तालुक्यात, आणि औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. गोरोबाकाकांनी थापटण्यानं डोकी ठोकून पाहिली, नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, आणि गुरूच्या शोधात नामदेव औंढ्याला आले, अशी परंपरेची कथा. तिथं विसोबा खेचर खुशाल पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव चिडले. विसोबा शांतपणे म्हणाले, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव बाबा. नामदेव पाय हलवतील तिथं खाली पिंड! वाद घालणाऱ्याच्याच हातात वादाचं ओझं देणारं असं उत्तर मला तरी ट्वेनमध्ये आढळलेलं नाही.

आता शेजारच्या नांदेडला जा. तिथल्या तख्त हुजूर साहिबला येणाऱ्या भाविकाला विचारा. तो गुरू नानकांची मक्केतली कथा सांगेल: काबेकडे पाय करून झोपले म्हणून कोणी रागावलं, तर नानक म्हणाले, देव नसेल त्या दिशेला पाय वळव. उत्तर तेच, देवस्थान वेगळं. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, पंजाबात घुमानला त्यांचं स्मारक आहे, तेव्हा कथांचीही ये-जा झाली असल्यास नवल नाही. आधीची कोणती, यावर भांडण्यात मला रस नाही. चांगल्या उत्तराला वजनदार तोंड लागतं, एवढंच यातून कळतं.

स्वतः ट्वेन मात्र उलट दिशेनं चालला. प्रकाशनसंस्था १८९४ मध्ये बुडाली, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या यंत्रात पैसा गेला, आणि कर्ज फेडायला साठीत हा माणूस जगभर व्याख्यानं देत निघाला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला. गच्चीच्या कठड्यावर बसून आपल्या कपड्यांची आणि चारित्र्याची चर्चा करणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं झकास लिहिलं आहे. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात होती. तो इकडं फिरकला नाही, पुण्याला मात्र गेला. या प्रवासाचं पुस्तक १८९७ मध्ये निघालं. त्यात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक चुरचुरीत वचन आहे. सगळी त्याचीच, पण खाली नाव पुडनहेड विल्सनचं, म्हणजे त्याच्याच कादंबरीतल्या एका वकिलाचं. जगानं दुसऱ्यांची वाक्यं ट्वेनला दिली, आणि ट्वेननं आपली वाक्यं एका कधी न जन्मलेल्या माणसाला देऊन टाकली.

त्याला तो थाट परवडला. सेनगाव-कळमनुरीकडच्या पारावर बसणाऱ्या फटकळ म्हाताऱ्यांना तो परवडणारा नाही. त्यांचं बोलणं कोणी छापत नाही, आणि एखादं गाजलंच तर ते अत्र्यांचं होऊन बसतं. यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा आपल्या आजीचं एखादं सणसणीत वाक्य वहीत उतरवा, आणि त्याखाली आजीचंच नाव लिहा.