चला, गोधडी शिवू या

थंडीच्या दिवसांत रात्री तुम्ही अंगावर काय घेता? कोणी ब्लँकेट सांगेल, कोणी रजई, तर कोणी साधी चादर. पण घरात दादी किंवा नानी असेल, तर तिच्या पेटीच्या तळाशी एखादी जुनी गोधडीही असण्याचा संभव आहे. ती मागून घ्या आणि उजेडात धरून नीट पाहा. एका तुकड्यावर फुले आहेत, दुसऱ्यावर पट्टे आहेत, तिसरा नुसताच निळा आहे. हा निळा तुकडा कशाचा, असे दादीला विचारा. ती लगेच सांगेल, "हा तुझ्या अब्बांचा शाळेचा सदरा." गोधडी ही अशी घरातल्या माणसांची आठवण धरून ठेवते.

उर्दूत जिला गुदडी म्हणतात, तीच मराठीतली गोधडी. 'गुदडी का लाल' हा शब्दप्रयोग तुम्हांला ठाऊक असेलच. कोल्हापूर-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेले लहान, मऊ पांघरूण म्हणजे दुपटे. शिवणकामात आणखी एक गंमत आहे. अस्तर, रफू, अंगुस्तान हे शब्द फारसीतून उर्दूत आले, तसेच ते मराठीतही आले. त्यामुळे या विषयाचे मराठी शिकताना तुमचे बरेच शब्द आधीच पाठ असतात.

गोधडीला तीन थर असतात. वरचा थर दिसायला सुंदर असतो. तो ठिगळांचा किंवा एखाद्या चांगल्या लुगड्याचा करतात. खालचा थर म्हणजे अस्तर. या दोहोंच्या मध्ये जुनी धोतरे, साड्या, चादरी, जे असेल ते घालतात. मग तिन्ही थरांतून आरपार टाके घालून ते एकमेकांना बांधून टाकतात. रजईत पिंजलेला कापूस असतो, गोधडीत मात्र कापडच असते.

आता एक प्रश्न. कापडाला स्वतःची उष्णता नसते, मग गोधडी ऊब कशी देते? ऊब असते आपल्या शरीराची. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेल्या हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा तीन-चार पातळ चादरी एकावर एक घेतल्या, तर जास्त ऊब लागते. टाके फार घट्ट ओढले, तर थर दाबले जातात आणि ही हवा निघून जाते. तेव्हा चांगली शिवणारी बाई दोरा ओढते, पण आवळत नाही.

गोधडीला जुने कापड का घेतात? गरिबी हे एक कारण आहेच. पण दुसरेही कारण आहे. वीस वेळा धुतलेले सुती कापड मऊ झालेले असते. त्याला जेवढे आटायचे तेवढे ते आटलेले असते आणि त्याचा जाणारा रंग गेलेला असतो. नवे कापड तसे नसते. मी पहिल्यांदा गोधडी शिवली, तेव्हा जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यांशेजारी दुकानातून आणलेले कोरे लाल कापड लावले. दिसायला ती झकास दिसली. पहिल्या धुण्यात लाल कापड आटले, गोधडीला सगळीकडे सुरकुत्या पडल्या आणि पांढरे तुकडे गुलाबी झाले! दोन महिन्यांचे काम होते. तेव्हापासून नवे कापड आधी धुऊन वाळवल्याशिवाय मी त्याला कात्री लावत नाही. तुम्हीही लावू नका. रंग जातो की नाही हे पाहायचे असेल, तर पांढरी चिंधी ओली करून त्या कापडावर घासा. चिंधी रंगली, तर ते कापड बाजूला ठेवा.

महाराष्ट्रात गोधडीला मान मिळवून देणारे एक थोर पुरुष होऊन गेले. ते म्हणजे संत गाडगेबाबा. त्यांचा जन्म १८७६ साली झाला आणि १९५६ साली ते वारले. गावोगाव जाऊन हातात खराटा घेऊन ते रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना शहाणे करीत. त्यांच्या अंगावर नेहमी चिंध्यांचा अंगरखा असे. म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशा नावांनीही ओळखत. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या खिरक्याबद्दल तुम्ही वाचले असेल. दोन्हीकडे ठिगळाचा अर्थ एकच, मला जास्त काही नको.

बंगालमध्ये अशाच पांघरुणाला काँथा म्हणतात. तिथल्या स्त्रिया जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवतात. साडीच्या काठातले रंगीत दोरे उसवून काढतात आणि त्याच दोऱ्यांनी कापडावर मासे, हत्ती, कमळे, पालख्या काढतात. बंगाली कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली एका काँथावर 'नक्षी काँथार माठ' हे मोठे काव्य लिहिले. त्यातली नायिका दूर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत आपली सारी कहाणी त्या काँथावर टाक्यांनी काढत राहते. मरताना ती सांगते, की हा काँथा माझ्या कबरीवर पसरा. सुई-दोऱ्याने माणूस आपली गोष्ट सांगू शकतो, ही कल्पना जसीमुद्दीन यांना मुद्दाम शोधावी लागली नसेल. ती बंगालच्या घराघरांत होती.

कर्नाटकात कारवारच्या बाजूला, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी लोक राहतात. सिद्दी हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात जंजिऱ्याच्या किल्ल्याच्या धड्यात वाचले आहे. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून भारतात आले. त्यांत मुसलमान आहेत, हिंदू आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. पण तिघांच्याही घरी गोधडी शिवतात. तिला ते कवंदी म्हणतात. कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू होते. कडेकडेने तुकडे लावत, चौफेर टाके घालत बाई हळूहळू मध्यभागी येते. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. पांघरुणाला कशाला हवीत फुले? ती नसली तरी झोप तेवढीच लागेल. पण ज्या बाईने कामातून वेळ काढून ती शिवली, तिला ती हवी असतात, एवढे कारण पुरे आहे.

आता तुम्हांला फार दूरच्या एका गावात नेतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाचे खेडे आहे. गावाच्या तीन बाजूंना नदीचे पाणी आहे. तिथल्या काळ्या लोकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यांवर गुलाम होते. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी संपली, गरिबी मात्र संपली नाही. घरे लाकडाची होती, फटींतून वारा आत येई. दुकानातली पांघरुणे घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा बायका शेतात घालून घालून विरलेल्या विजारी, सदरे आणि पिठाची रिकामी पोती फाडून क्विल्ट, म्हणजे गोधड्या, शिवत.

या गावात मिसूरी पेटवे नावाची एक बाई होती. तिचा नवरा वारला. त्याचे शेतातले कपडे तिने टाकून दिले नाहीत, कोणाला दिलेही नाहीत. मुलीला हाताशी घेऊन तिने ते फाडले, त्यांचे पट्टे जोडले आणि त्यांची एक गोधडी केली. नवऱ्याची आठवण राहावी आणि त्याच्याच कपड्यांच्या उबेत झोपता यावे, एवढीच तिची इच्छा होती. उन्हाने फिका पडलेला निळा रंग, गुडघ्यावर झिजलेले कापड, सारे काही तिने तसेच ठेवले.

पुढे या गावाने आणखी हाल सोसले. मतदानाचा हक्क मिळावा म्हणून येथील काळे लोक नदीपलीकडच्या तालुक्याच्या गावी जाऊ लागले, तेव्हा १९६२ च्या सुमारास नदीवरची होडीची फेरीच बंद झाली. पलीकडे जायला तासाभराचा वळसा पडू लागला. १९६६ साली या भागातल्या बायकांनी एकत्र येऊन गोधड्या विकणारी सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टन शहरातल्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि मग ते न्यूयॉर्कलाही गेले. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रे पाहणारे लोक या गोधड्यांसमोर थांबून राहिले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. त्याच वर्षी होडीची फेरीही पुन्हा सुरू झाली.

आज कितीतरी देशांत लोक हौस म्हणून गोधड्या शिवतात. नवे सुती कापड विकत घेतात, चाकासारख्या सुरीने त्याचे बिनचूक चौकोन कापतात आणि यंत्रावर शिवतात. चांगले कापड आधी कापायचे आणि मग पुन्हा जोडायचे, हे मला पूर्वी विचित्र वाटे. पण रंगाशेजारी रंग ठेवून पाहण्याचा आनंद एकदा घेतला, की ही हौस समजते. तुम्हांला एवढा खर्च करायचे कारण नाही. शिंप्याच्या दुकानात रोज चिंध्या निघतात. तुम्ही भिवंडीचे किंवा मालेगावचे असाल, तर कापडाचा तुकडा कुठे मिळेल हे मी तुम्हांला सांगायला नको.

आपण बसायचे एक लहान आसन शिवू. मोठी गोधडी पहिल्याच वेळी घेऊ नका. ती अर्धवट राहते.

सुती कापडाचे छत्तीस चौकोन कापा. प्रत्येक बाजू १२ सेंटिमीटर ठेवा. पुठ्ठ्याचा एक चौकोन नीट मोजून कापून घ्या आणि तो कापडावर ठेवून पेन्सिलीने आखा. प्रत्येक चौकोनावर कडेपासून एक सेंटिमीटर आत रेघ ओढा. शिवण या रेघेवरून घालायची. छत्तीस चौकोन जमिनीवर सहा-सहाच्या सहा ओळींत मांडा. दोन गडद रंग शेजारी आले तर बदला. या मांडणीला वेळ द्या. घरातले सगळे येऊन सल्ले देतील. ते ऐका, पण निर्णय तुमचा ठेवा.

आधी एका ओळीतले सहा चौकोन जोडा. सहा ओळी तयार झाल्या, की ओळींना ओळी जोडा. जोडल्यावर प्रत्येक चौकोन १० सेंटिमीटरचा दिसेल आणि कडेचा दाब धरून सारा तुकडा ६२ सेंटिमीटरचा होईल. मागच्या बाजूने इस्त्री फिरवा.

मधल्या थरासाठी जुन्या साडीचे ६२ सेंटिमीटरचे तीन-चार तुकडे घ्या. अस्तर मात्र ६८ सेंटिमीटरचे घ्या, म्हणजे ते चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर बाहेर राहील. अस्तर जमिनीवर उलटे पसरा, त्यावर मधले थर आणि सर्वांत वर ठिगळांचा तुकडा ठेवा. मध्यापासून बाहेर हात फिरवून सुरकुत्या काढा. पूर्वी बायका गोधडीच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवीत आणि स्वतः तिच्यावरच बसत, ते याचसाठी. आता लांब-लांब कच्चे टाके घालून थर पक्के करा. हा भाग मुले टाळतात आणि मग आसन एका बाजूला ओढले जाते.

यानंतर खरे काम, धावदोरा. सुई खाली-वर, खाली-वर करीत पुढे जायचे. टाका गव्हाच्या दाण्याएवढा असावा. तो फार बारीक नसला तरी चालेल, पण सारखा हवा. दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याला गाठी पडतात. पहिली गाठ हलकेच ओढून थरांच्या आत लपवा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटाला भोके पडतील. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवा. तुम्ही उजव्या हाताने शिवत असाल, तर उजेड डाव्या बाजूने येईल असे बसा. डावखुऱ्यांनी उलट बसावे.

शेवटी अस्तराची बाहेर राहिलेली कड एक सेंटिमीटर आत मुडपा, ती वरच्या बाजूवर घ्या आणि टाके घाला. त्याने कडेचे चौकोन एक सेंटिमीटरने लहान दिसतील. घाबरू नका, ते तसेच दिसायचे असतात.

रोज अर्धा तास बसलात, तर दोन-तीन आठवड्यांत आसन होईल. वर्गातली काही मुले म्हणतील, की हे मुलींचे काम आहे. त्यांना विचारा, ईदचा कुर्ता शिवणारे मास्तर कोण आहेत? शालीचा फाटलेला धागा दिसू न देता जुळवणारा रफूगर कोण आहे? आणि जरीचे काम करणारे कारागीर?

कच्चे टाके उसवले, की आसन उलटे करून एका कोपऱ्यात आजची तारीख आणि वर्ष टाक्यांनी लिहा. मग उठण्याआधी सुया मोजा. जितक्या काढल्या, तितक्या डबीत परत गेल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत आसनावर कोणाला बसू देऊ नका.