एकवीस दिवसांची गोष्ट

24 जुलै 1989. घाटावर कोसळलेला पाऊस पाताळगंगेत उतरला आणि रसायनीजवळचा रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना पाण्याखाली गेला. ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, ती खोपोलीच्या टाटा वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ज्या पाण्याच्या भरवशावर इथली कारखानदारी उभी राहिली, तेच पाणी आत शिरलं होतं.

बुडालेली एकच मोटर घ्या. ती खोलायची, वाइंडिंगमधला गाळ धुवायचा, भट्टीत तासन् तास सुकवायची, मग मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं. रीडिंग कमी आलं की पुन्हा भट्टीत. घाई केली तर चालू करताक्षणीच जळायची. आणि अशा मोटरी एका कारखान्यात किती! जाणकार महिन्यांच्या हिशेबात बोलत होते. कारखाना 21 दिवसांत सुरू झाला, असं कंपनी सांगत आली आहे.

मला नवल वाटतं ते या सांगण्याचं. त्या वर्षीचा नफा आज कुणाला आठवतो? एकवीस दिवस मात्र लक्षात राहतात. गणपतीच्या दूर्वांचा, मोदकांचा हा आकडा मराठी कानाला आधीच ओळखीचा, हे खरंच. पण गाळाने भरलेली मोटर आधी डोळ्यांपुढे आली, म्हणून त्या आकड्यात जीव आला. त्याच पावसात अंबा नदीने जांभूळपाड्यात घरं नेली, माणसं नेली. रायगडात पुराची गोष्ट सांगणाऱ्याने जांभूळपाडा वगळू नये, असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट ऐकताना आपल्या आत काय होतं? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्यांचा मेंदू एफएमआरआयवर पाहिला. सांगणाऱ्याच्या मेंदूत जी हालचाल, तिच्याशी जुळणारी ऐकणाऱ्याच्या मेंदूत, जराशा उशिराने. न कळणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट लावली, तर हे जुळणं नाहीसं झालं. आणि काही भागांत तर ऐकणारा सांगणाऱ्याच्याही पुढे धावत होता! पुढचं आधीच ताडणाऱ्यांना गोष्ट जास्त चांगली समजली होती. आजी गोष्ट सांगताना ‘हं’ म्हणायला लावायची, तो हुंकार आतून असा दिसतो तर.

रसायनांच्या गावात गोष्ट अशी आतून कळणं जिवाशी जोडलेलं आहे. ‘परवानगीशिवाय टाकीत उतरू नये’ ही पाटी रोज दिसते, म्हणूनच दिसेनाशी होते. पण पाळी सुरू होताना सुपरवायझर सांगू लागतो: एक जण टाकीत उतरला, आत कोसळला. त्याला काढायला दोस्त धावला, तोही कोसळला. ऐकणारा एव्हाना मनाने त्या दोस्ताच्या जागी टाकीच्या तोंडाशी उभा असतो, एक पाय शिडीवर. नेमकं तेव्हा विचारायचं, “तू काय केलं असतंस?”

उत्तर त्याच्याच तोंडून यायला हवं: आधी अलार्म, मग बचावाची माणसं त्यांच्या हवेच्या सिलिंडरसह. आपण आत जायचं नाही, आत जिवलग असला तरी.