उन्हवऱ्याच्या पाण्यात मासळी सुकेल का?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: कोकणात गरम पाण्याचे इतके झरे आहेत, मग त्या उष्णतेचं काही करता येत नाही का?

गावांची नावंच बघा. पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही हं. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. बस्स.

एवढ्या तापमानावर वीज बनवणं परवडायला कठीण. पण मासळी सुकवायला 40-50 अंशांची कोरडी हवा पुरते. त्याहून जास्त तापवली तर मासळी सुकण्याऐवजी शिजते! आणि पावसाळ्यात ऊनच नसतं, तेव्हा ही उष्णता सोन्यासारखी.

पण झरा किती कामाचा, हे कळायचं कसं? नुसतं तापमान सांगून भागत नाही. पाणी किती येतं ते मोजा. 15 लिटरची बादली 3 सेकंदांत भरली, तर सेकंदाला 5 लिटर. आता हिशेब: 1 लिटर पाणी 1 अंशाने थंड झालं की साधारण 4.2 किलोज्यूल उष्णता मिळते. 65 अंशांचं पाणी 45 पर्यंत थंड करून सोडलं, तर 5 गुणिले 4.2 गुणिले 20, म्हणजे 420 किलोवॅट. दोन किलोवॅटचे 210 गीझर एकदम चालू! पण तेच पाणी 55 वरच सोडून दिलं तर उष्णता निम्मी. म्हणजे खरा खेळ पाणी किती थंड करून सोडता यात आहे.

मोजमाप कुंडात नको, झऱ्याच्या तोंडाशी करा. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, कारण पावसात थंड पाणी मिसळतं. पाण्यातल्या सिलिकावरून खाली किती गरम असेल याचा अंदाज काढतात, पण वर थंड पाणी मिसळलेलं असेल तर तो अंदाज कमी येतो. क्षारही तपासायचे. कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांचं पाणी खारट, ते थेट यंत्रात सोडलं तर पाईप गंजतात. म्हणून मध्ये हीट एक्स्चेंजर लावायचा: उष्णता घ्यायची, पाणी वेगळं ठेवायचं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. जास्त उष्णता हवी म्हणून बोअर मारली आणि कुंडच आटलं तर? न्यूझीलंडच्या रोटोरुआमध्ये घरोघरी बोअर झाल्या आणि तिथले गरम फवारे मंदावले. शेवटी 1980 च्या दशकात सरकारने पोहुतू फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या. आपल्याकडे या कुंडांवर लोक आंघोळीला येतात, शेजारी देवळं आहेत. त्यामुळे माझं मत सरळ आहे: आधी कुंडातून वाहून जाणारं पाणी वापरा. त्यावर एक ड्रायर चालतो का बघा, वर्षभर नोंदी ठेवा. बोअरचा विषय ग्रामसभेत त्या नोंदी समोर ठेवूनच काढा.

तुमच्या गावाजवळ असा झरा असेल तर बादली, थर्मामीटर आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन जा, आणि आकडे आम्हाला कळवा. पुढच्या भागात ड्रायरची रचना बघू.